मीठ विरघळताना पाणी गार होतं की गरम? घरी मोजून बघा

मीठ पाण्यात विरघळलं की पाण्याचं तापमान बदलतं. ठाण्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे मोजता येतं.

साहित्य थोडंच आहे: साधं मीठ, नवसागर (कल्हईवाले वापरतात तो, जांभळी नाक्याजवळच्या जुन्या दुकानांत विचारून बघा) आणि कपाटातली ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे दाणे. डब्यावरचं नाव वाचूनच घ्या, काही डब्यांत सिलिका जेल असतं. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो ३२-३५ अंशांखाली वाचतच नाही. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घ्या. स्टीलचा पेला नको, त्यातून उष्णता भराभर ये-जा करते. कागदी कप एकात एक घालून वापरा.

आधी बादलीभर पाणी रात्रभर खोलीत ठेवा. माठातलं किंवा नुकतंच नळाचं घेतलंत, तर ते आपलं आपणच बदलत राहतं आणि मापन फसतं.

आता १०० मिली पाण्याचं तापमान लिहून ठेवा, २० ग्रॅम मीठ घाला, ढवळा. पारा एक-दोन अंशच उतरेल. नव्या कपात तेवढाच नवसागर घ्या: जवळजवळ दहा अंशांची घसरण, कप हाताला गार लागतो. तिसऱ्या कपात १० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड चमच्याचमच्याने टाका; पाणी चांगलंच तापतं. दाणे हातात घेऊ नका, त्यावर पाणी ओतू नका. नवसागर चुन्यात किंवा धुण्याच्या सोड्यात मिसळला तर अमोनिया सुटतो, ब्लीचमध्येही विषारी वायू तयार होतात. म्हणून प्रत्येक कप वेगळाच ठेवा.

असं का होतं? स्फटिकात धन आणि ऋण आयन (विद्युतभार असलेले कण) एकमेकांना घट्ट धरून असतात. ५८.५ ग्रॅम मिठाचे आयन पार सुटे करायला सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात. मग पाण्याचे रेणू त्यांना वेढतात: ऑक्सिजनची बाजू सोडियमकडे, हायड्रोजनची क्लोराइडकडे. या जलयोजनातून सुमारे ७८३ परत मिळतात. उरलेले चारेक किलोज्यूल पाण्याच्याच उष्णतेतून जातात, म्हणून पाणी किंचित गार. नवसागरात तेवढ्याच आयनांमागे ही तूट १५च्या आसपास असते. कॅल्शियम आयनावर दुहेरी भार, त्यामुळे पाणी त्याला फारच जोरात धरतं आणि मिळकत खर्चापेक्षा मोठी ठरते.

मग तोट्यातला नवसागर विरघळतोच कशाला? कारण बंदिस्त रांगेतले आयन पाण्यात मोकळे पसरतात, आणि निसर्गाचा कल या पसरण्याकडेही असतो.

मला सगळ्यात आवडणारा प्रयोग पावसाळ्यातला आहे. कॅल्शियम क्लोराइडचे थोडे दाणे जुलैच्या दमट हवेत बशीत दोन-तीन तास उघडे ठेवा. ओलसर झाले, की त्यातले १० ग्रॅम तसेच पाण्यात टाका. या वेळी पाणी आधीपेक्षा कमी तापेल. वजनातला काही भाग आता पाण्याचाच आहे, शिवाय हवेतली वाफ धरताना दाण्यांनी आपली बरीच उष्णता बशीतच सोडून दिलेली असते.