देगूंसाठी घरी पिंजरा बांधताना

देगू हा मूळचा चिली देशाच्या मध्य भागातला, कळपाने राहणारा आणि बिळे खणणारा कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गटातला कुरतडणारा प्राणी आहे. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे तो समोर येईल ते कुरतडतो आणि घरी बांधलेला पिंजरा किती टिकणार हे बहुतांशी याच सवयीवर ठरते. म्हणून आराखडा काढताना मोजमापांच्याही आधी एक गोष्ट पक्की करावी: आतल्या बाजूने दातांच्या पकडीत येईल अशी लाकडाची एकही कड उघडी राहता कामा नये. सपाट फळीवर देगूचे दात घसरतात. मात्र एखादा कोपरा, सांध्यातली फट किंवा भोकाचा काठ सापडला की तेथून तो फळी पोखरू लागतो.

देगूला एकटे ठेवू नये, त्यामुळे लहानात लहान पिंजराही दोघांना पुरेल असाच हवा. साधारण 100 सेंमी लांबी, 50 सेंमी खोली आणि 100 सेंमी उंची ही किमान मापे धरून चालावे, आणि जागा असेल तर ती वाढवावीत.

चौकटीसाठी रंग किंवा रसायन न लावलेले, नीट वाळवलेले लाकूड घ्यावे. देवदारासारखे उग्र वासाचे लाकूड श्वसनमार्गाला त्रासदायक ठरते, म्हणून ते टाळावे. जाळी चौकटीच्या बाहेरून ठोकण्याची पद्धत दिसायला सुबक असली, तरी तीत चौकटीच्या सगळ्या कडा आतल्या प्राण्याच्या ताब्यात जातात. म्हणून जाळी आतूनच लावावी. जोडांवर वितळवून पक्की केलेली, सुमारे 12 मिमी चौकोनांची, जस्ताचा मुलामा दिलेली जाड तारेची जाळी यासाठी योग्य असते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी बारीक जाळी किंवा प्लॅस्टिकची जाळी येथे निरुपयोगी आहे. नव्या जाळीवर सुटे जस्त चिकटलेले असू शकते, म्हणून पाण्यात व्हिनेगर मिसळून ती ब्रशने घासावी आणि स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावी. ती बसवताना पिनांवर विसंबू नये. रुंद वॉशर घालून स्क्रू आवळावेत. कापलेल्या तारांची टोके कानशीने घासून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली दाबावीत आणि त्यावरून उलटा हात फिरवून काही टोचत नाही ना, हे पाहावे.

तळाला जाळी कधीही ठेवू नये, कारण तारेवर सतत चालल्याने देगूंच्या तळपायांना जखमा होतात. खालचा भाग पत्र्याच्या खोल ट्रेचा करावा, किंवा जुनी काचेची मासेपेटी असल्यास तिच्यावरच जाळीची चौकट चढवावी. माझ्या मते हाच उपाय सर्वांत सोयीचा, कारण काचेला दातही लागत नाहीत आणि मूत्रही मुरत नाही. त्यात निदान 20 सेंमी थर भरावा. कागदी आच्छादनात वाळलेले गवत मिसळून थर दाबला, तर देगूंनी खणलेले बोगदे लगेच ढासळत नाहीत.

वरचे मजले मात्र कुरतडले जाणारच, हे गृहीत धरून ते बदलता येतील असे बसवावेत: फळीला मागून दोन बोल्ट, आणि त्यांचे नट पिंजऱ्याच्या बाहेर. फळीच्या पुढच्या कडेला धातूची काटकोनी पट्टी आणि वर चिनी मातीची फरशी बसवली, तर मूत्र लाकडात मुरत नाही आणि उन्हाळ्यात अंग टेकायला गारवाही मिळतो. मजले एकाखाली एक न ठेवता डावे-उजवे असे आलटून पालटून लावावेत, म्हणजे पाय निसटला तरी देगू जेमतेम 30 सेंमी खाली पडतो.

दार छोटे करण्याचा मोह टाळावा. साफसफाई करताना आणि आजारी प्राणी बाहेर काढताना दोन्ही हात खांद्यापर्यंत आत जावे लागतात, त्यामुळे पुढची जवळजवळ सगळी बाजू उघडता आली पाहिजे. फट राहणार नाही असे दार बसवावे आणि कडी बाहेरून, वर व खाली अशा दोन ठिकाणी लावावी. दार लावताना शेपटी आत असल्याची खात्री करणे अत्यावश्यक आहे. शेपटी पकडीत सापडली तर तिची कातडी सोलून निघते आणि ती पुन्हा येत नाही. याच कारणाने देगूला शेपटीला धरून कधीही उचलू नये.

धावण्याचे चाक निदान 30 सेंमी व्यासाचे आणि धातूच्या किंवा लाकडाच्या सलग पृष्ठभागाचे हवे. दांड्यांच्या चाकात पाय आणि शेपटी अडकते. पाण्याची बाटली काचेची घेऊन बाहेर टांगावी व तिची धातूची नळी तेवढी आत सोडावी. अंग घोळवण्यासाठीची बारीक वाळू पसरट, जड भांड्यात थोडा वेळच ठेवावी, नाहीतर देगू तिचा शौचासाठी वापर करू लागतात.

देगू दिवसा जागे असतात, म्हणून पिंजरा उजेडाच्या खोलीत ठेवावा, पण थेट ऊन आणि वाऱ्याचा झोत टाळावा. उष्णता त्यांना सोसत नाही. खोलीचे तापमान 30 अंश सेल्सियसच्या जवळ जाऊ लागले, तर पिंजरा अधिक थंड जागी हलवावा लागतो. त्यासाठी बांधतानाच चौकटीखाली ब्रेक असलेली चार चाके बसवून घ्यावीत.