हिमशिखरावर निघालात? आधी या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो आणि नेमका तेव्हाच लोकांना बर्फ आठवतो. फोन येतात, "दादा, जूनमध्ये सहा हजार मीटरचं शिखर करायचंय, आठ दिवसांची रजा मिळालीय." आठ दिवसांत असं शिखर होत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. तरी कुठली तरी ट्रेकिंग कंपनी हो म्हणते, पैसे भरले जातात आणि वर जाऊन त्याच त्या चुका होतात. गाइड सोबत आहे म्हणजे आपल्याला काही बघायचं नाही, हा समज तर सगळ्यात घट्ट बसलेला.

थांबण्याचे दिवस कापणं आणि डोकेदुखी लपवणं

या दोन चुका जोडीनेच येतात. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर, लेह ३५०० मीटरवर. विमानाने गेलात तर शरीराला काही कळायच्या आत एवढी उंची वाढते. ५५०० मीटरवर हवेचा दाब खालच्यापेक्षा निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. त्यामुळे ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी काढावा. तुम्ही जिमला जाता की मॅरेथॉन पळता, याचा इथे संबंध नाही. उलट दमदार पोरंच जास्त अडकतात, कारण पाय चालतात म्हणून ते थांबत नाहीत.

चोपड्याकडचा असाच एक पोरगा आमच्यासोबत लडाखमध्ये कांग यात्से-२ ला आला होता. शिखर ६२५० मीटरचं. लेहमध्ये दोन दिवस खोलीवर शांत राहायला सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी हा भाड्याची बाइक घेऊन ५३०० मीटरच्या वरच्या खारदुंग ला खिंडीत जाऊन आला. रात्री डोकं दुखायला लागलं. कोणाला न सांगता गोळी घेतली. मग मारखा खोऱ्यातून चालताना सकाळ-संध्याकाळ गोळी, आणि आम्ही विचारलं की "मस्त आहे दादा!"

निमालिंगला, साधारण ४८०० मीटरवर, संध्याकाळी तो तंबूबाहेर बसून बुटाची लेस बांधत होता. लेसचं टोक बोटांत धरायचा, फासात घालायला जायचा आणि बाजूलाच नेऊन सोडायचा. परत तेच. विचारलं तर म्हणाला, "काही नही दादा, ऊन लागलंय." आमच्या लडाखी गाइडने त्याला उभं केलं आणि एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो आडवा झाला. मेंदूला सूज यायला लागली होती. यावर पहिला इलाज एकच, लगेच खाली उतरवणं.

आता अडचण बघा. तिथून गाडीरस्त्याला जाणारी जवळची वाट कोंगमारू ला खिंडीवरून, म्हणजे आधी ५२०० मीटरच्या वर चढायचं. अशा माणसाला वर नेता येत नाही. म्हणून त्याला मेंदूची सूज कमी करणारं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देऊन, दोघांनी काखेत धरून, टॉर्चच्या उजेडात आलो त्याच वाटेने मागे, खालच्या हांकर गावाकडे उतरवलं. ४००० मीटरच्या आसपास पोचेपर्यंत तो नीट बोलायला लागला होता. त्याला घेऊन गेलेल्या दोघांचं शिखर मात्र राहिलं. का लपवलंस, विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांचा प्रोग्राम बिघडला असता." हे उत्तर मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता संताप येतो.

तेव्हापासून माझ्या तुकडीत डोकेदुखीच्या सगळ्या गोळ्या एकाच डब्यात आणि डबा माझ्याकडे. रात्रीच्या जेवणाला प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं: डोकं कसं आहे, भूक आहे का, झोप लागली का, लघवी किती वेळा झाली. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही. वाढत असेल तर खाली. डायमॉक्स, म्हणजे उंचीची सवय व्हायला मदत करणारी गोळी, तिच्याबद्दल घरीच डॉक्टरांशी बोला, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. पण डायमॉक्स घेतली म्हणून मुक्कामाचा दिवस कापू नका.

क्रॅम्पॉनची पिशवी हिमनदीवर पहिल्यांदा उघडणं

पहाटे दोनला निघतात ते हौस म्हणून नाही. थंडीत हिमभेगांवरचे बर्फाचे पूल घट्ट असतात, ऊन चढलं की तेच भुसभुशीत होतात. अशा वेळी एक जण पिशवीतून क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतण्यासाठी बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते, बाहेर काढतो, तर मधली पट्टी दुसऱ्याच मापाची निघते. हातमोजे काढावे लागतात, बोटं बधिर होतात, आणि एकाच दोरावर बांधलेली सगळी माणसं वाऱ्यात उभी. वर गेलेला हा वेळ उतरताना मऊ बर्फात भरून द्यावा लागतो.

बूट आणि क्रॅम्पॉन यांची जोडी जमायला हवी. पुढे-मागे खाच नसलेल्या बुटाला ऑटोमॅटिक, म्हणजे त्या खाचांत अडकणारं, क्रॅम्पॉन बसत नाही, आणि मऊ ट्रेकिंग बूट वाकला की पट्ट्याचं क्रॅम्पॉनही निसटतं. मी लोकांना आमच्या गच्चीवर बसवतो, लाइट बंद करतो, जाड हातमोजे घालायला लावतो आणि बांधा म्हणतो. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, लागू द्या. बकल बाहेरच्या बाजूला, पट्ट्याचं टोक आत खोचलेलं, पँट गेटरमध्ये (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायच्या कापडी आवरणात) घट्ट. सैल पँटमध्ये क्रॅम्पॉनचा दात अडकून माणूस तोंडावर पडतो. सामान भाड्याचं असेल तर बेस कॅम्पच्या आधी, ज्या गावात घ्याल तिथेच, स्वतःच्या बुटावर चढवून बघा.

बाकीच्या, पण कमी नसलेल्या

"मी अस्तंभा चढलोय" हे सराव म्हणून सांगू नका. अस्तंभा म्हणजे नंदुरबारकडचा यात्रेचा डोंगर. यात्रा मोठी आहे, श्रद्धेची आहे, पण डोंगर १३०० मीटरच्या आसपासचा. तोरणमाळ, लळिंग, पाटणादेवीचं रान, सगळं सरावाला छान आहे, पाठीवर बारा किलोची सॅक असेल आणि महिनोन्‌महिने सातत्य असेल तर. उतरायचाही सराव करा, गुडघे तिथे बोलतात.

सुती बनियन घालू नका, घामाने भिजलं की वाळत नाही.

गॉगल ढगातही काढू नका. बर्फाने डोळे भाजतात ते काही तासांनी कळतं, रात्री तंबूत. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खालीही लावा, उजेड बर्फावरून उलटा येतो.

थंडीत तहान लागत नाही, तरी दिवसाला तीन-चार लिटर पाणी जायला हवं. बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ वर आलेल्या तळाशी धरतो आणि झाकण उघडतं. टॉर्चच्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

वर भूक मरते. ओट्सच्या भरवशावर राहू नका. गूळ-शेंगदाणे, बिबडे, शेंगदाण्याची चटणी असं जिभेच्या ओळखीचं सोबत न्या.

फिक्स्ड रोपवर, म्हणजे उतारावर आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर, अँकर (दोर जिथे पक्का केलाय ती जागा) आला की आधी दुसरं कॅराबिनर (आपल्याला दोराला अडकवणारी कडी) पलीकडे अडकवायचं, मगच पहिलं काढायचं. उतरताना दमलेला माणूस हाच क्रम विसरतो. मी प्रत्येक अँकरला तोंडाने म्हणतो, "लावलं, काढलं." सोबतच्यांनाही म्हणायला लावतो.

ताजा बर्फ पडल्यावर गाइड थांबा म्हणाला तर कुरकुर करू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा-२ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमप्रपात कोसळला, २९ जण गेले. त्यात शिकवणारेही होते.

आणि शक्य असेल तर आधी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करा, उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगला. जवळपास महिना जातो. रजा मिळत नाही म्हणणाऱ्यांना मी वर्षभर थांबायला सांगतो, शिखर कुठे जात नाही.

पैसे भरण्यापूर्वी कंपनीला विचारा: एका गाइडमागे किती माणसं, ऑक्सिजनचा सिलिंडर कुठल्या कॅम्पपर्यंत नेता, हवा बिघडली तर राखीव दिवस किती. राखीव दिवस नाही म्हणाले तर दुसरी कंपनी शोधा. दोन दिवस म्हणाले, तर दिल्लीहून जळगावचं परतीचं तिकीट त्या दोन दिवसांच्या पुढचं काढा.