बर्न्स वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून जाताना

इंटर्नशिपला सरकारी रुग्णालयाचा बर्न्स वॉर्ड मिळाला, तेव्हा भाजलेल्या रुग्णाला दिवसाला किती कॅलरी लागतात ते काढायचं करेरीचं सूत्र पाठ करून गेले होते. प्रौढाला किलोमागे 25 कॅलरी, शिवाय अंगाची त्वचा जितके टक्के भाजली त्या प्रत्येक टक्क्यामागे 40. पहिल्या मावशी 45 किलोच्या, स्टोव्हच्या भडक्यात 40 टक्के भाजलेल्या. हिशेब आला 2,725 कॅलरी. प्रथिनं किलोमागे 2 ग्रॅम धरून 90 ग्रॅम. तक्ता लिहून सही ठोकली. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, पोटात किती गेलं ते बघितलंत का?" अर्धी वाटी भात आणि चहा गेला होता.

एवढ्या भाजण्यात शरीराची ऊर्जेची गरज जवळजवळ दुपटीवर जाऊ शकते. ती भागली नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू वापरतं, जखम भरायला वेळ लागतो. पण मावशींच्या दोन्ही हातांना बँडेज. ताट समोर ठेवून वॉर्डबॉय मामा निघून जायचे, भरवणार कोण?

त्यात उपास. त्वचारोपणासाठी रात्रीपासून उपाशी ठेवायचं, दुपारी कळायचं की केस उद्यावर ढकलली. म्हणून सकाळी आधी ओटीची (ऑपरेशन थिएटरची) यादी बघा आणि बुडालेलं खाणं संध्याकाळी कसं भरून काढायचं ते ठरवा. राइल्स ट्यूबला, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीला, घाबरू नका. दिवसा तोंडाने, रात्री नळीने, असं दोन्ही चालतं. नाचणीची पेज मात्र गाळून घ्या आणि नंतर पाणी सोडा, नाहीतर नळी तुंबते आणि सिस्टरची बोलणी तुम्हाला खावी लागतात.

वजनात मी फसले होते. सुरुवातीच्या सलाइनने अंग सुजतं, काटा जास्तच दाखवतो. भाजण्याआधीचं वजन नातेवाइकांना विचारा. जखमा भरत आल्या की गणित पुन्हा मांडा, सूत्राचा आकडा तेव्हा फार मोठा ठरतो. ग्लुटामिन या अमिनो आम्लाची पुडी अजून सवयीने लिहिली जाते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही.

मावशींच्या सासूबाईंशी वाद घालून काही झालं नाही. "डाळ-अंड्याने पू होतो," यावर त्या ठाम. शेवटी सहज विचारलं, "बाळंतिणीला काय देता हो तुम्ही?" लाडू, अळिवाची खीर, सगळं त्यांनीच सांगितलं, आणि थांबून म्हणाल्या, "मग हिला खीर चालंल का?" चालेलच! दुधात दूध पावडर घालायला तेवढं मी सांगितलं. अंडं आठवड्याने आलं, तेही त्यांच्याच डब्यातून.

आणखी एक. पहिल्याच दिवशी वॉर्डातला पेला मापून घ्या. माझ्या तक्त्यातला दुधाचा पेला 200 मिलीचा होता, तिथला निघाला 120 चा.