शुगर असलेल्या आईबाबांसाठी: नुसत्या वॉकने भागत नाही, पायात ताकद पण हवी

शुगरवाल्या म्हाताऱ्या माणसांना सगळे एकच सांगतात, रोज चाला. चालायचंच, पण शुगर असली की उतारवयात स्नायू लवकर झडतात आणि जेवणानंतरची साखर जास्त करून स्नायूच खेचून घेतात, त्यामुळे स्नायू गेले की ताकद पण जाते आणि शुगर पण आवरत नाही. वजन आपोआप उतरतंय, जिना चढवत नाही, बाटलीचं झाकण उघडत नाही, हे "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका प्लीज.

आधी घरीच बघा. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी घालून 5 वेळा उठायला-बसायला सांगा, तुम्ही बाजूलाच उभे रहा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर झालेत, डॉक्टरांना सांगा.

आणि व्यायाम पण हाच! 8-10 वेळा उठबस, थोडं थांबून परत, सुरुवातीला हाताचा आधार घेतला तरी चालेल, उठताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही. मग ओट्याला धरून टाचा वर-खाली, धरूनच एका पायावर उभं राहणं, आणि हातात पाण्याच्या 1 लिटरच्या बाटल्या घेऊन हात वर. आठवड्यातून 2-3 दिवस, मध्ये एक दिवस सोडून, सोपं वाटायला लागलं की थोडं वाढवायचं, नाहीतर ताकद वाढत नाही. वॉक आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत हळूहळू न्या, एका दमात नको, जेवणानंतर 10-10 मिनिटं केलं तरी धरतात. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं. डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर वजन उचलायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असेल तर सकाळी उपाशीपोटी शिवाजी पार्कला चकरा मारायला पाठवू नका. आधी शुगर बघा, 90 च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मगच. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं आणि शुगर 70 च्या खाली असेल तर 3 चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी परत चेक करा. खिशात ग्लुकोज पावडर हवीच. व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्री झोपेत पण शुगर उतरू शकते हे लक्षात ठेवा.

पाय बधिर असतील तर अनवाणी चालणं बंद, बंद बूट घाला आणि रात्री तळवे बघा, फोड आला तरी त्यांना कळत नाही. पावसाळ्यात ओल्या पेव्हर ब्लॉकवर पाय सटकतो, तेव्हा बिल्डिंगच्या पॅसेजमध्येच चाला, चाळीत असाल तर कोरड्या गॅलरीत.

खाणं कमी करून शुगर उतरवायची हे या वयात धोक्याचं आहे. मुगाची उसळ, अंडं, मासे, दही पोटात जाऊ द्या, किडनीचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून. आणि व्यायाम सुरू केल्यावर शुगर वारंवार खाली येत असेल तर व्यायाम बंद करायच्या आधी डॉक्टरांना गाठा, बऱ्याचदा गोळीचा डोसच कमी करायचा असतो.