तोडलेलं जंगल परत आणताना या चुका टाळा

कोकणातल्या मालकी डोंगरांवर कोळशासाठी, लाकडासाठी वर्षानुवर्षं सरसकट तोड होत आली आहे. ती थांबवून जंगल परत आणायचं ठरलं, की आधी रोपांची ऑर्डर जाते. इथेच घोडं पेंड खातं.

बुडखे मेले असं समजणं

ऐन, किंजळ, जांभूळ तोडले तरी मुळं जिवंत असतात आणि पावसात बुडख्याभोवती फुटव्यांचा झुपका येतो. त्या मुळांनी उतारावरची माती धरून ठेवलेली असते. पिशवीतल्या रोपाला तेवढं खोल जायला कितीतरी वर्षं लागतील. म्हणून खड्डे मारण्याआधी बुडखे मोजा. प्रत्येकावर जमिनीलगतचे दोन-तीन जोमदार फुटवे राखा, बाकीचे एक-दोन पावसाळ्यांनंतर काढा. वर कापाच्या कडेला आलेला फुटवा राखू नका, तो पुढे वाऱ्यात निखळतो.

फुटवे येतात पण गुडघ्याच्या वर जात नाहीत? शेंडे बघा. कुरतडलेले असतील तर शेळ्या-गुरं, करपलेले असतील तर वणवा. चराईबंदी गावाशी बोलून ठरवा, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, कवळ (पाला-फांद्या) कुठून तोडायची तेही त्याच बैठकीत. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा बिनगवताचा पट्टा, गवत वाळू लागताच तयार करा.

ट्रकचा रस्ता तसाच सोडणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. माल उतरवायला जेसीबीने काढलेला कच्चा रस्ता तोड संपल्यावरही पाणी वाहून नेतच राहतो. जुलैच्या धो-धो पावसात त्या रस्त्यावरून चाला. चाकोरीतून लाल पाणी धावताना दिसेल आणि ते जिथे कडेला फुटतं तिथे नवी घळ पडलेली असेल. पावसाळा सरल्यावर रस्त्यावर ठरावीक अंतराने तिरपे उंचवटे घाला, म्हणजे पाणी थोडं थोडं जंगलात वळेल. ओढ्यावर टाकलेला भराव उपसून पात्र मोकळं करा. कॅलिफोर्नियात १९७८ साली तोडलेलं जंगल रेडवुड राष्ट्रीय उद्यानात सामील केलं, तेव्हा पाणलोट सावरण्यासाठी असे जुने रस्ते मोडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं गेलं.

सरसकट चर आणि झटपट हिरवळ

जिवंत बुडख्यांमधून सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले लांब खड्डे) खणले की मुळंच तुटतात. चर उघड्याबोडक्या, मध्यम उतारावर ठीक. ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प डोंगर लवकर हिरवा करतात, पण फुटव्यांचा उजेड अडवतात. आणि सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, झाडं लावूच नका. ती मोकळी जागा उजाड नसते, पावसाळ्यातल्या फुलांचं ते हक्काचं घर आहे.

झऱ्याची घाई

जंगल वाढू लागलं की झरा लगेच जास्त टिकेल असं धरून चालू नका. सुरुवातीची काही वर्षं तो उलट लवकर आटू शकतो, कारण जोमाने वाढणारे फुटवे भरपूर पाणी पितात. घाबरून फुटवे तोडू नका. झरा कुठल्या महिन्यात थांबतो आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढा किती दिवसांत नितळ होतो, हे दरवर्षी वहीत लिहा. बहुतेक वेळा आधी फरक पडतो तो ओढ्याच्या गढूळपणात.