जपानी मुलांना परदेशी पाठवण्याचं काम: युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात नवीन लागणाऱ्यांसाठी

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला वगैरे जपानी शिकून, एन-टू एन-वन (जपानी भाषेच्या परीक्षेच्या वरच्या लेव्हल) काढून इकडे जपानला येणारे आपले बहुतेक जण आयटीत नाहीतर ट्रान्सलेशनला जातात, पण हल्ली युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसातही काही जण लागतायत. गेल्या वर्षभरात तिघांनी विचारलं की ताई तिथे नक्की काम काय असतं, म्हणून एकदाच नीट लिहिते. मी उत्तर जपानमधल्या एका छोट्या युनिव्हर्सिटीत सहा वर्षं हेच करतेय. बाहेरून येणाऱ्या मुलांचं काम वेगळं, मी सांगतेय ते जपानी मुलांना बाहेर पाठवण्याबद्दल, ज्याला इथे र्‍युगाकु म्हणतात.

सगळ्यात आधी डोक्यातून आपला अर्थ काढून टाका. आपल्याकडे पोरगा शिकायला बाहेर गेला म्हणजे लोन काढलं, एमएस केलं, तिकडेच नोकरी धरली. इथे तसं नसतं. डिग्री इथलीच, मूल एक सेमिस्टर किंवा फार तर वर्षभर जातं, एक्स्चेंज (दोन युनिव्हर्सिटींनी आपापसात मुलांची अदलाबदल करणं) असेल तर फी आपल्याच युनिव्हर्सिटीला भरतं, तिकडची क्रेडिट इकडे जोडून घेतं आणि परत येतं. निम्म्याहून जास्त मुलं तर एका महिन्यापेक्षा कमी दिवसांसाठीच जातात. म्हणजे परत येणं धरूनच सगळा प्रोग्राम आखलेला असतो, आणि हे लक्षात आलं नाही तर तुमचे सगळे सल्ले चुकतात. माझे पहिल्या वर्षी चुकलेच, मी मुलांना रँकिंग दाखवत बसायचे, कुठली युनिव्हर्सिटी वरची, कुठे गेलं तर नोकरीचे चान्सेस, आणि मुलं माना डोलवून निघून जायची.

सरकार एवढा जोर का लावतंय तेही माहीत असू द्या, कारण इंटरव्ह्यूत विचारतात. परदेशी शिकणारी जपानी मुलं 2004 ला साधारण 83 हजार होती, पुढच्या सात-आठ वर्षांत आकडा 60 हजारांच्या खाली आला, पेपरात सगळीकडे उचिमुकी हा शब्द, म्हणजे तरुण पिढी आतच तोंड करून बसलीय. मग 2013 ला तोबिताते नावाची मोहीम आली, अर्थ साधारण 'झेप घे', कंपन्यांच्या देणगीतून स्कॉलरशिप, आणि तिची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात मार्क किंवा भाषेचा स्कोअर बघत नाहीत, मुलाने स्वतः आखलेला प्लॅन बघतात. आता नवीन टार्गेट 2033 पर्यंत 5 लाख मुलं पाठवायचं आहे. काही ठिकाणी तर बाहेर जाणं सक्तीचंच, आकिता इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीत (2004 ला सुरू झाली, सगळे क्लास इंग्लिशमध्ये) वर्षभर परदेशात शिकल्याशिवाय डिग्रीच मिळत नाही.

आणि ही काही नवी कल्पना नाही हो. आनंदीबाई जोशींचा तो फिलाडेल्फियातला 1885 चा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय, साडीतल्या आनंदीबाई, शेजारी किमोनोतली केई ओकामी, आणि सीरियाहून आलेली त्यांची सोबतीण. ती ओकामी जपानची. ज्या कॉलेजातून आनंदीबाई 1886 ला डॉक्टर झाल्या तिथूनच ती 1889 ला झाली आणि परत येऊन तिने काम केलं. मी हा फोटो टेबलाजवळ लावलाय, मुलं विचारतात मधली कोण, आणि मग डावीकडची कोण ते मी सांगते.

आता खरं काम. ब्रोशरमध्ये उद्देश म्हणून लिहिलेलं असतं 'ग्लोबल मनुष्यबळ घडवणे', इंग्रजी, दुसऱ्या संस्कृतीची समज वगैरे. इंग्रजी लागतं ते जायच्या आधीच, स्कोअर नसेल तर पार्टनर युनिव्हर्सिटी घेतच नाही, त्यामुळे इंग्रजी हा उद्देश म्हणून मला कधीच पटला नाही. माझ्या मते खरा उद्देश असा की मुलाला समोरच्यांचा अंदाज न घेता स्वतःचं मत मांडता यावं. इथे लहानपणापासून कूकी ओ योमु शिकतात, शब्दशः हवा वाचणं, सगळ्यांच्या मनात काय आहे ते ओळखून मग बोलणं. ही फार सुंदर सवय आहे, मला तिचा आदर आहे, पण ज्या वर्गात कुणाची हवा वाचताच येत नाही तिथे बसल्यावर मुलाला स्वतःचंच काहीतरी शोधावं लागतं.

एक प्रसंग सांगते. दुसऱ्या वर्षाची मुलगी अर्ज घेऊन आली, कारणाच्या रकान्यात 'शिया ओ हिरोगेताइ', दृष्टी व्यापक करायचीय. जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर हेच वाक्य असतं. मी विचारलं, आत्ता तुला काय दिसतं? ती गप्प. आपल्याला अशी शांतता सहन होत नाही, आपण लगेच दोन पर्याय सुचवतो, तर नवीन लोकांनी इथेच तोंड बंद ठेवायला शिका. ती फॉर्मचा कोपरा दुमडत बसली, उलगडला, परत दुमडला. बऱ्याच वेळाने म्हणाली, आजीच्या गावची बस बंद झाली. दिवसाला दोनच फेऱ्या होत्या, त्याही गेल्या, आता आजी दवाखान्यात जायला शेजाऱ्यांच्या गाडीची वाट बघते. फिनलंडमध्ये पण माणसं विरळ आणि बर्फ भरपूर, तिथे कसं चालवतात ते मला बघायचंय. झालं, वीस मिनिटांत फॉर्म नवीन लिहून झाला.

टायमिंगचं मात्र पाठ करून ठेवा, शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि शुकात्सु म्हणजे नोकरी शोधणं तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मार्चमध्ये, कंपन्यांच्या मुलाखती जूनपासून, त्यामुळे मूल कधी जातं यावर सगळं अवलंबून, वर्ष वाया जाईल ही भीती मुलांपेक्षा आईवडिलांना जास्त. दुसऱ्या वर्षाच्या शरद ऋतूत पाठवलं की बहुतेक जमतं. पैशाचं सांगताना गोड बोलू नका. 2012 ला डॉलर 80 येनच्या आसपास होता, 2024 च्या उन्हाळ्यात 160 च्या पुढे गेला, म्हणजे अमेरिकेतला तोच होस्टेलचा खर्च घरच्यांना दुप्पट. अशा वेळी तैवान, मलेशिया पण दाखवा, मुलाचा प्रश्न तिथे बसत असेल तर ते दुय्यम नाही.

आणि परत आल्यावरच्या मीटिंगा कधी टाळू नका, आमच्याकडे पण गडबडीत त्याच आधी कॅन्सल होतात आणि मला फार वाईट वाटतं. ती फिनलंडवाली मुलगी आली तेव्हा तिच्या रिपोर्टचं नाव मी बदलायला सुचवलं, 'फिनलंडमधून मी काय शिकले' असं काहीतरी. जायच्या आधी ती लगेच हाइ, म्हणजे हो, म्हणाली असती. आता दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, मला तसं वाटत नाही, हा रिपोर्ट बसबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही. नाव तिचंच राहिलं.