'एस्कलेटर ओव्हर द हिल' कसा ऐकावा: अरेंजिंग शिकणाऱ्यांसाठी

अरेंजिंग, म्हणजे कोणतं वाद्य कधी काय वाजवेल याची बांधणी, शिकायला आलेल्यांना मी अमेरिकन जॅझ संगीतकार कार्ला ब्ले यांचा हा अल्बम सुरुवातीलाच ऐकायला लावतो. १९७१ सालचा, तीन एलपींचा संच. जॅझ, रॉक, कॅबरे सगळं आहे, पात्रं आहेत, एक जुनाट हॉटेल आहे. पण गोष्ट शोधत बसलात तर पहिल्याच एलपीला कंटाळाल.

'हॉटेल ओव्हर्चर'पासून सुरुवात करा. गाटो बार्बिएरींचा सॅक्स किंचाळायला लागला की सगळ्यांचे कान तिकडेच जातात. तुम्ही हेडफोन लावून त्यामागचे ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं, ऐका. कोण कधी आत येतं, कोण गप्प राहतं, ते वहीत उतरवा. सोलो नंतर ऐकता येतो.

मग शब्द. ते कवी पॉल हेन्स यांचे, आणि त्यातले बरेच त्यांनी भारतात राहत असताना टपालाने पाठवलेले. आपल्या संगीत नाटकात पुष्कळदा चाल आधी ठरे आणि पद तिच्यावर बेतलं जाई. हेन्स यांच्या ओळी मात्र विक्षिप्त, तुटक, सरळ अर्थ न देणाऱ्या. त्या गाण्यात बसवायच्या म्हणजे कसोटीच. म्हणून हा गृहपाठ: पेपरातली एखादी बातमी घ्या आणि एकही शब्द न बदलता तिला चाल लावा. पहिली चाल बहुधा भयंकर होते. होऊ द्या.

'रावळपिंडी ब्लूज' दोनदा ऐका. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन आणि बासवादक-गायक जॅक ब्रूस यांचा विजेच्या वाद्यांचा ताफा एकीकडे, ट्रम्पेटवादक डॉन चेरींचा वाळवंटी सुरांचा ताफा दुसरीकडे. एकाच रचनेत दोन्ही कसे नांदतात ते बघा. (हेच मॅकलॉफ्लिन पुढे झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' या बँडमध्ये आले.)

धंद्याचं शिक्षणही यातच आहे. ब्ले मुळात न्यूयॉर्कच्या बर्डलँड या जॅझ क्लबात सिगारेटी विकत, तिथेच रोज जॅझ कानावर पडे. हा अल्बम मोठ्या कंपनीचा नाही; त्या आणि ट्रम्पेटवादक-संगीतकार मायकेल मँटलर ज्या वादकांच्या संस्थेत होते, तिच्याच लेबलवर तो निघाला. रेकॉर्डिंग १९६८ ते १९७१ असं तुकड्यातुकड्यांनी झालं. तुमच्याही कामात सगळे वादक एकाच दिवशी मिळतील हे विसरा. तारखांची वही ठेवा, आणि फक्त क्लॅरिनेटवाला मोकळा असेल त्या दिवशी त्याचाच भाग उरकता येईल असा स्कोअर (सगळ्या वाद्यांचे भाग एकत्र लिहिलेली स्वरलिपी) लिहा.